डीपी का जळते?

आमच्या हिंगोली जिल्ह्यात दिवाळी सरली की पारापारावर दोन गोष्टींची चर्चा असते. एक हळदीच्या भावाची आणि दुसरी कोणत्या शिवारातली डीपी जळाली याची. रोहित्र हा शब्द कागदावरचा. शेतकऱ्याच्या तोंडी ती डीपीच. गहू पाण्यावर आलेला असतो, हरभऱ्याला एक पाणी द्यायचं असतं, वसमतकडं हळद आणि ऊस उभा असतो, आणि नेमकी त्याच आठवड्यात डीपी जळते. मग ती उतरवा, ट्रॅक्टरमध्ये घाला, दुसरी येईपर्यंत वाट बघा. तोवर विहिरीत पाणी असूनही पीक माना टाकतं.

का जळाली, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, ‘लोड वाढला.’ पण हिशेबाला बसलेला शेतकरी म्हणतो, लोड कुठं वाढला? बारा मोटारी, पाच-पाच एचपीच्या. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. साठ एचपीचे झाले सुमारे ४५ किलोवॅट. डीपी आहे ६३ ची. मग ४५ चं ओझं ६३ ला का पेलू नये?

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. ‘प्रत्यावर्ती धारा’ नावाचा तो धडा. त्यात इंपीडन्स आणि फेझर असे दोन शब्द येतात आणि ते पाहून पुष्कळ मुलं पुस्तक मिटतात. मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए. पण या दोन शब्दांशी माझी दोस्ती झाली ती तबल्याच्या वाटेनं. तीच वाट आज तुम्हाला दाखवतो. वाटेच्या शेवटी आपली डीपी उभी आहेच.

पुढं-मागं जाणारी धारा

बॅटरीतली वीज एकाच दिशेनं वाहते, पाटाच्या पाण्यासारखी. घरातली, शेतातली वीज तशी नाही. ती सेकंदाला पन्नास वेळा पुढं जाते आणि पन्नास वेळा मागं येते. एक पूर्ण आवर्तन वीस मिलिसेकंदांचं, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं. तारेतला दाब, ज्याला आपण व्होल्टेज म्हणतो, शून्यापासून चढतो, कळसाला जातो, उतरतो, शून्यावर येतो, उलट दिशेनं तेवढाच खोल जातो आणि पुन्हा शून्यावर येतो.

हे चढ-उतार डोळ्यांसमोर आणायचे तर जातं आठवा. खुंटा धरून बाई दळते आहे. खुंटा गोल फिरतो. पण बाजूच्या दिव्यामुळं भिंतीवर त्याची सावली पडली, तर ती सावली गोल फिरताना दिसत नाही. ती नुसती इकडून तिकडं, तिकडून इकडं होते. मध्ये जोरात, टोकाला हळू. विजेचा दाब असाच चढतो-उतरतो. म्हणून इंजिनियर लोक काय करतात, तर सावलीचा पिच्छा सोडून खुंट्याकडंच बघतात. कागदावर एक बाण काढतात. बाणाची लांबी म्हणजे दाबाचं मोठेपण आणि बाणाची दिशा म्हणजे खुंटा सध्या कुठं आला आहे ते. हा फिरता बाण म्हणजे फेझर.

ही कल्पना हवेतली नाही. येलदरी धरणाच्या पायथ्याशी जे वीजघर आहे, तिथं पूर्णेच्या पाण्यानं चाक फिरतं आणि त्या फिरण्यातूनच हा चढ-उतार जन्माला येतो. बाणाचं मूळ त्या फिरत्या दांड्यात आहे.

आता गंमत अशी की तारेत दोन गोष्टी फिरतात. एक दाब आणि दुसरी धारा, म्हणजे करंट. दोघांचा वेग एकच, सेकंदाला पन्नास फेरे. पण दोघं एकाच वेळी कळसाला पोचतीलच असं नाही. एक पुढं असतो, दुसरा मागं. घड्याळाचे दोन काटे एकाच वेगानं फिरत असते तर त्यांच्यातला कोन कायम राहिला असता ना? तसाच हा कोन कायम राहतो. मग फिरणारं चित्र दाखवायची गरजच उरत नाही. एका क्षणाचा फोटो काढला तरी पुरतो. दोन बाण आणि मधला कोन, एवढाच तो फोटो. त्याला म्हणतात फेझर आकृती. मराठी परिभाषेत या फिरण्यातल्या जागेला ‘कला’ म्हणतात आणि दोघांमधल्या फरकाला ‘कलांतर’. चंद्राच्या कला जशा, तशाच विजेच्या.

तीनतालातली वीज

तीनताल सगळ्यांच्या कानावर असतो. सोळा मात्रा, चार-चारांचे चार विभाग. पहिल्या मात्रेवर सम, पाचवीवर टाळी, नववीवर खाली आणि तेरावीवर पुन्हा टाळी. समजा विजेचं एक आवर्तन म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन. दाब समेवर कळसाला असतो. नवव्या मात्रेवर, खालीला, तो उलट दिशेच्या टोकाला असतो. आता तारेला तीन वेगवेगळी उपकरणं जोडून बघू.

पहिलं, पाणी तापवायचा हीटर. त्यात नुसता रोध असतो, रेझिस्टन्स. तिथं धारा दाबाच्या पावलावर पाऊल टाकते. दाब समेवर आला की धाराही समेवर. कलांतर शून्य.

दुसरं, तांब्याच्या तारेचं वेटोळं, म्हणजे कॉईल. मोटारीत, पंख्यात, चोकमध्ये, डीपीत सगळीकडं तेच असतं. कॉईलमधून धारा जाऊ लागली की तिच्याभोवती चुंबकत्व उभं राहतं आणि ते धारेच्या प्रत्येक बदलाला विरोध करतं. भरलेली बैलगाडी जशी ओढल्याबरोबर वेग घेत नाही आणि ओढणं थांबवल्याबरोबर थांबतही नाही, तशी कॉईलमधली धारा. दाब समेवर येऊन गेला तरी धारा अजून चढतच असते. ती कळसाला पोचते पाचव्या मात्रेवर, दुसऱ्या टाळीला. चार मात्रा उशीर, म्हणजे पाव आवर्तन, म्हणजे ९० अंश.

तिसरं, कपॅसिटर. आपल्याकडं जुनी माणसं त्याला कंडेन्सर म्हणतात. त्याचा स्वभाव अगदी उलटा. तो हौदासारखा आहे. रिकाम्या हौदात पाणी धो-धो शिरतं आणि पातळी चढत गेली की आवक कमी होते. म्हणजे आधी धारा, मग दाब. कपॅसिटरची धारा समेच्या चार मात्रा आधी, तेराव्या मात्रेवर, कळसाला असते.

आता पाच आणि तेरा यांत अंतर किती? आठ मात्रा, बरोबर अर्धं आवर्तन. म्हणजे कॉईलची धारा ज्या क्षणी पुढं जाते, त्याच क्षणी कपॅसिटरची धारा मागं येते. एकाच तारेवर दोघं शेजारी बसले तर एक मागतो तेव्हा दुसरा देतो. एवढं लक्षात ठेवा, कारण डीपी वाचवायची किल्ली इथंच आहे.

सहा आणि आठ मिळून दहा

आता इंपीडन्स. मराठीत त्याला संरोध म्हणतात. धारेला वाटेत मिळणारा एकूण अडथळा, इतका साधा अर्थ. पण या अडथळ्याच्या दोन जाती आहेत. रोध हा खरा खाणारा. तो विजेची उष्णता करतो. दुसरी जात कॉईलची आणि कपॅसिटरची. ती अडवते, पण खात नाही. घेतलेलं पाव आवर्तनानंतर परत करते. तिला म्हणतात रिॲक्टन्स.

याचा पुरावा तुमच्या भिंतीवर आहे. पूर्वी पंख्याचा रेग्युलेटर म्हणजे एक मोठा डबा असायचा. पंखा हळू केला की तो डबा तापायचा, कारण आत रोधाची तार होती. आताचे पायऱ्या-पायऱ्यांचे छोटे रेग्युलेटर थंड राहतात, कारण आत कपॅसिटर असतात. अडवणूक दोघांचीही, पण एक खाऊन अडवतो, दुसरा न खाता.

या दोन जातींची बेरीज साधी होत नाही. एखाद्या कॉईलचा रोध ६ ओहम आणि रिॲक्टन्स ८ ओहम असेल, तर संरोध १४ होत नाही, १० होतो. कारण दोघांचे बाण एका ओळीत नाहीत, काटकोनात आहेत. गावातून सहा कोस पूर्वेला गेलात आणि तिथून आठ कोस उत्तरेला, तर गावापासून सरळ अंतर दहाच कोस. सहाचा वर्ग छत्तीस, आठचा चौसष्ट, बेरीज शंभर, वर्गमूळ दहा. २३० व्होल्टला ही कॉईल २३ अँपिअर धारा घेईल.

कॉईलचा रिॲक्टन्स तिच्या गाभ्यातल्या लोखंडावर अवलंबून असतो, आणि याचा अनुभव कोणत्याही शेतकऱ्याला आहे. स्टार्टरमध्ये एक कॉईल असते. बटण दाबलं की ती लोखंडी तुकडा खाली ओढून घेते आणि संपर्क जुळतात. लोखंड नीट बसलं की रिॲक्टन्स वाढतो आणि कॉईलची धारा आपोआप कमी होते. पण कधी आत पाल अडकते, कधी मुंग्या घर करतात. लोखंड पूर्ण बसत नाही, फट राहते, स्टार्टर घरघरत राहतो. फटीमुळं रिॲक्टन्स कमी, म्हणून धारा जास्त, आणि थोड्या वेळात कॉईल जळाल्याचा वास येतो. आपण म्हणतो पालीनं कॉईल जाळली. पालीनं फक्त संरोध कमी केला, जाळलं ते वाढलेल्या धारेनं.

तिरपा ओढणारा बैल

आता मोटारीकडं येऊ. मोटारीत रोध नुसता नसतो आणि कॉईलही नुसती नसते. तिला दोन कामांसाठी वीज लागते. एक, पाणी वर चढवायला. ही खरी कामाची वीज, किलोवॅटमध्ये मोजायची. दुसरी, आपल्या लोखंडात चुंबकत्व उभं करायला. ही वीज खर्च होत नाही, डीपीकडून मोटारीकडं जाते आणि परत येते, पुन्हा जाते, पुन्हा येते. पण तिच्याशिवाय मोटार फिरत नाही. तिचं मोजमाप केव्हीएआर.

बैल गाडी ओढतो आहे, पण सरळ नाही, जरा तिरपा. त्याच्या जोराचा एक भाग गाडी पुढं नेतो. दुसरा भाग गाडीला बाजूला खेचतो, त्यानं गाडी तसूभरही पुढं जात नाही. पण दोरावर ताण पडतो तो पूर्ण जोराचा. दोर तुटायचा तर तो गाडी किती पुढं गेली हे बघून तुटत नाही, एकूण ताण किती यावर तुटतो. आपली तार आणि डीपी म्हणजे तो दोर. म्हणून डीपीच्या पाटीवर ६३ किलोवॅट लिहिलेलं नसतं, ६३ केव्हीए लिहिलेलं असतं. केव्हीए म्हणजे एकूण ताण.

आता तो शेतकऱ्याचा हिशेब पुन्हा मांडू. पाच एचपी हे मोटारीनं बाहेर दिलेलं काम, ३.७ किलोवॅटच्या आसपास. पण आत शिरलेल्या शंभर वॅटांतले वीस-बावीस वॅट मोटार तापवण्यात जातात. म्हणून समजा ती आत घेते ४.८ किलोवॅट. चुंबकत्वासाठी धरा ३.६ केव्हीएआर. हे दोन बाण काटकोनात. ४.८ चा वर्ग अधिक ३.६ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ बरोबर ६. म्हणजे एक मोटार डीपीवर ६ केव्हीएचं ओझं टाकते. बारा मोटारी म्हणजे ७२. डीपी ६३ ची. आता कळलं ती का जळते? ४५ आणि ७२ मधला फरक कुठं लपला होता, तर थोडा मोटारीच्या तापण्यात आणि बाकीचा त्या तिरप्या ओढीत.

४.८ भागिले ६ म्हणजे ०.८. यालाच पॉवर फॅक्टर म्हणतात. दाब आणि धारा यांच्यातला कोन इथं ३७ अंशांचा, वेळात सांगायचं तर सेकंदाचा पाचशेवा भाग. इतक्या बारीक उशिरानं एवढं लोखंड आणि तांबं धोक्यात येतं.

आता मोटारीजवळ २ केव्हीएआरचा कपॅसिटर लावू. पाच एचपीच्या मोटारीला साधारण तेवढाच लावतात. मोटारीची चुंबकाची धारा पाचव्या मात्रेवर आणि कपॅसिटरची तेराव्या मात्रेवर, हे आपण पाहिलं. मोटारीला हवे असलेल्या ३.६ पैकी २ केव्हीएआर शेजारचा कपॅसिटरच पुरवतो. डीपीकडून आणायचे राहतात १.६. पुन्हा त्रिकोण मांडा. ४.८ आणि १.६ मिळून ५.०६. बारा मोटारींचे ६१ केव्हीएसुद्धा भरत नाहीत. तीच डीपी, त्याच बारा मोटारी, तेवढंच पाणी. ओझं मात्र ७२ वरून ६३ च्या आत.

माझा पुतण्या मोटार वायंडिंगचं दुकान चालवतो. त्यानं मला हे टाँग टेस्टर लावून दाखवलं. तारेला चिमटा लावायचा आणि अँपिअर वाचायचे. कपॅसिटरशिवाय आठाच्या वर, कपॅसिटर जोडल्यावर सातच्या आसपास. तो म्हणाला, ‘‘चाचा, हा मीटर किती करंट आहे ते सांगतो, त्यातला कामाचा किती ते सांगत नाही.’’ मी त्याला म्हटलं, ‘‘बेटा, त्यासाठी कोन लागतो.’’ त्यानं मान हलवली आणि पुन्हा तांब्याच्या तारेत गुंतला. त्याच्या दुकानात जळालेल्या मोटारींची रास असते. कोन माहीत नसल्याची किंमत ती रास बघून कळते.

आणखी एक फायदा. तारेत वाया जाणारी वीज धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. इथं धारा सुमारे १६ टक्क्यांनी घटली, तर तारेतला तोटा जवळजवळ २९ टक्क्यांनी घटतो. तार लांब, मोटार शेवटच्या खांबावर, तिथं व्होल्टेज आधीच कमी; त्या माणसाला याचा फायदा जास्त. मात्र एक लक्षात घ्या. कपॅसिटरमुळं ओझं कमी होतं ते तारेवरचं आणि डीपीवरचं. मोटारीच्या आतल्या वेटोळ्यांतली धारा त्यामुळं थेट कमी होत नाही. तिला फायदा होतो तो सुधारलेल्या व्होल्टेजचा. आणि तोही एकट्यानं कपॅसिटर लावून फारसा नाही. डीपी सगळ्यांची, तसा हा उपायही सगळ्यांनी मिळून करायचा.

२०२४ साली राज्य सरकारनं साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजना जाहीर केली. बिल शून्य झालं म्हणून कोनही शून्य होत नाही. जळालेल्या डीपीमुळं वाळलेल्या गव्हाची किंमत शेतकऱ्यालाच मोजावी लागते.

एक फेज गेला की

तीन फेज म्हणजे काय, हेही बाणांतच बघू. इथं दादरा घ्या, सहा मात्रांचा. तीन माणसं तोच ठेका धरतात, पण पहिल्याची सम पहिल्या मात्रेवर, दुसऱ्याची तिसऱ्या, तिसऱ्याची पाचव्या. दोन-दोन मात्रांचं अंतर, म्हणजे १२०-१२० अंश. तीन तारांतले दाब असेच एकामागून एक कळसाला जातात, आणि त्यातून मोटारीत चुंबकत्वाचं एक फिरतं चाक तयार होतं. मोटार त्या चाकामागं धावते.

एक फेज गेला की चाक मोडतं. उरलेल्या तारांतून नुसतं पुढं-मागं होतं, फिरणं होत नाही. थांबलेली मोटार चालूच होत नाही, जागेवर घुमते. चालू असलेली मोटार फिरत राहते, पण काम तेच असेल तर उरलेल्या दोन तारांत धारा पावणेदोन पटीच्या आसपास जाते आणि वेळेत बंद केली नाही तर मोटार जळते. काही जण अशा वेळी कंडेन्सर लावून तिसऱ्या फेजचं सोंग आणतात. तो कंडेन्सर वेगळा आणि वर सांगितलेला कपॅसिटर वेगळा. तिकडं तो नकली कलांतर तयार करतो, आणि त्यामुळं डीपीवरचं ओझं वाकडंतिकडं पडतं. पंख्यातल्या कंडेन्सरचं कामही कलांतर तयार करण्याचंच. पण पंखा त्याच बेतानं बनवलेला असतो, शेतातली तीन फेजची मोटार नाही.

कुलाब्यात जन्मलेला माणूस

हे सगळं गणित इतकं सोपं कुणी केलं? त्यातल्या एकाचं नातं आपल्या मुंबईशी आहे. आर्थर एडविन केनेली हा माणूस १७ डिसेंबर १८६१ रोजी मुंबईत कुलाब्याला जन्मला. वडील आयरिश, आरमारातले अधिकारी. आई लहानपणीच गेली आणि वडील त्याला घेऊन इंग्लंडला परतले. केनेली फार शिकला नाही. किशोरवयातच शाळा सोडून तारयंत्राच्या क्षेत्रात नोकरीला लागला. १८८७ च्या अखेरीस तो अमेरिकेत थॉमस एडिसनच्या प्रयोगशाळेत रुजू झाला.

एडिसन एकाच दिशेच्या विजेचा कैवारी होता. पुढं-मागं जाणारी वीज घातक आहे, असा त्याच्या गोटाचा प्रचार चालू होता आणि त्यासाठी जनावरांवर शॉक देण्याचे जे प्रयोग झाले, त्यांत केनेलीचाही हात होता. पण त्याच प्रयोगशाळेत असताना, १८९३ साली, त्यानं अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढं एक निबंध वाचला. विषय इंपीडन्स. हा शब्द इंग्लंडच्या ऑलिव्हर हेविसाइडनं १८८६ मध्ये घडवला होता. केनेलीनं दाखवलं की रोध आणि रिॲक्टन्स यांची बेरीज काल्पनिक संख्या वापरून साध्या बेरजेसारखी करता येते. त्याच वर्षी शिकागोच्या परिषदेत चार्ल्स स्टाइनमेट्झनं ही पद्धत सगळ्या प्रत्यावर्ती विजेला लावून दाखवली. पाठीला बाक असलेला हा जर्मन माणूस १८८९ मध्ये आसऱ्यासाठी अमेरिकेत आला होता. त्याआधी याच प्रश्नांना पानंच्या पानं कलनशास्त्र लागायचं.

काल्पनिक संख्या म्हणजे उणे एकचं वर्गमूळ. अशी संख्या कुठं असते का, असं वाटतं. पण बाणांच्या भाषेत तिचा अर्थ एवढाच की ‘काटकोनात वळ’. एकदा वळलात तर पूर्वेचे उत्तरेला तोंड. पुन्हा वळलात तर पश्चिमेला, म्हणजे आधीच्या उलट, म्हणजे उणे एक. दोनदा वळल्यावर उणे एक, म्हणून एकदा वळणं म्हणजे उणे एकचं वर्गमूळ. गूढ काही नाही. नाव तेवढं घाबरवणारं.

केनेलीचं आणखी एक ऋण रेडिओ ऐकणाऱ्या आपल्या सगळ्यांवर आहे. १९०२ साली त्यानं आणि हेविसाइडनं, एकमेकांवर विसंबून न राहता, सुचवलं की वातावरणात खूप उंचावर रेडिओच्या लहरी परत फिरवणारा विद्युतभारित थर असावा. पुढं एडवर्ड ॲपलटननं १९२४ मध्ये प्रयोग करून तो सिद्ध केला आणि त्याला १९४७ चं नोबेल मिळालं. रात्री दूरदूरची स्टेशनं रेडिओवर लागायची, कधी आवाज जवळ यायचा, कधी विरून जायचा, तो या थराचा खेळ. दोन वाटांनी आलेल्या लहरी तालात भेटल्या की आवाज मोठा, उलट भेटल्या की क्षीण. तिथंही पुन्हा कलांतरच.

औंढ्याच्या माळावर

आपल्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया हा प्रकल्प येतो आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्याला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, एकमेकांना काटकोनात. एकाच लेसरचा प्रकाश दोन्हीकडं जाणार, आरशावरून परत येणार, आणि परतलेल्या दोन लहरींच्या कलांतरावरून अवकाशातल्या गुरुत्वीय लहरी ओळखल्या जाणार. अमेरिकेतल्या लायगोनं १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी पहिली लहर टिपली.

तेव्हा कलांतर हा शब्द हिंगोलीच्या पोरांना परका राहून चालणार नाही. प्रकल्पाच्या फाटकापाशी नुसतं चहाचं दुकान टाकायचं की आत जाऊन मोजमाप करायचं, हे त्या बारावीच्या धड्यावर बरंचसं ठरणार आहे. मास्तरांना माझी विनंती आहे, फेझर शिकवताना फळ्यावरच्या बाणांसोबत मुलांना शिवारातली डीपीही दाखवा. लांबून दाखवा, पण दाखवा.

आता जाता जाता कामाच्या चार गोष्टी. मोटारीला कपॅसिटर मोटारीच्या मापाचा आणि जाणत्या वायरमनकडूनच लावून घ्या. मापापेक्षा मोठा लावला तर फायदा नाही, उलट अपाय. तो स्टार्टरच्या पुढं, मोटारीच्या बाजूला असावा, म्हणजे मोटारीबरोबर चालू आणि मोटारीबरोबर बंद. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो. म्हणून लगेच हात लावू नका, आणि स्वतः उघडू तर कधीच नका. ऑटोस्विच काढून टाका. लाईट येताच बारा मोटारी एकदम सुरू झाल्या तर प्रत्येक मोटार सुरुवातीला नेहमीच्या पाच-सहा पट धारा ओढते, आणि त्या क्षणी डीपीचे हाल विचारू नका. फ्यूजच्या जागी जाड तार घालू नका. डीपीचं तेल आणि अर्थिंग वेळच्या वेळी बघायला लावा, कारण डीपी त्यांच्यामुळंही जळते.

एवढं सगळ्यांनी मिळून केलं तर पुढच्या रब्बीत पारावर फक्त हळदीच्या भावाचीच चर्चा राहील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)